सौजन्याची कार्यशाळा, दीडशे रुपये : एका रिटायर्ड कंडक्टरचा अभिप्राय

नातवाच्या शाळेत लागोपाठ दोन शनिवार ‘परस्पर आदर’ या विषयावर कार्यशाळा झाली. संस्था बाहेरची, शाळेने बोलावलेली. कुटुंबामागे १५० रुपये, वेळ दहा ते साडेबारा, जागा शाळेचाच हॉल, वर एक वडापाव आणि चहा. आमच्या बाजूच्या दोन शाळांतले पालक विचारतायत की बोलवण्यासारखी आहे का, म्हणून लिहितो.

मी का गेलो, तर सून नर्स आहे, तिला शनिवारची ड्यूटी. मुलगा रात्रपाळी करून आलेला, त्याला उठवणं म्हणजे वेगळीच कार्यशाळा. उरलो मी. काळाचौकीहून नातवाला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडेच असतं. बेस्टमध्ये ३३ वर्षं कंडक्टरी केली, २०२१ ला रिटायर झालो. सौजन्य या विषयात मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात गेलो होतो. थोडं शिकून आलो, हे कबूल करतो.

तारे पाचपैकी तीन. साडेतीन द्यायचे होते, पण अर्ध्याचे सुटे नाहीत.

आधी शाळेला याची गरज का पडली ते सांगायला हवं. शाळा दोन सत्रांत भरते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं शासनाने २०२४ मध्ये काढलं, तेव्हापासून आमची धाकटी पोरं दुपारी गेली. म्हणजे साडेबाराला मोठी बाहेर पडणार आणि त्याच वेळी छोटी आत शिरणार. गेट एकच. मी पावलांनी मोजलंय, जेमतेम आठ फूट. समोर गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, त्यात शाळेच्या व्हॅन रिव्हर्स घेतायत. बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळेने पिकअप कार्ड सक्तीचं केलं. ते बरोबरच आहे. पण कार्ड बघायला माणूस एक, आणि बघून घ्यायला समोर दोनशे.

त्यामुळे रोज काही ना काही. वॉचमनकाका राजापूरकडचे, साठीला आलेले. त्यांना तिशीतल्या बायका-पुरुष ‘ए, उघड ना’ म्हणतात. ते तरी कुठे कमी, उन्हात तापले की पालकांना ‘तुमी मागं व्हा, पोरं तुडवाल’ असं ओरडतात. मग तो विषय ग्रुपवर जातो. गृहपाठ काय दिलाय हे विचारायला काढलेला ग्रुप, त्यावर एका रात्री वॉचमनच्या वागणुकीवरून साठ-सत्तर मेसेज. कोणी लिहिलं, ‘फी भरतो आम्ही.’ कोणी अंगठा दिला. गृहपाठ काय होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तर कार्यशाळा. घेणाऱ्या ताई तरुण होत्या, आवाज छान, चेहऱ्यावर कंटाळा नाही. सुरुवात त्यांनी प्रतिज्ञेने केली, ही मला फार आवडलेली गोष्ट. सगळ्यांना उभं केलं. भारत माझा देश आहे, इथपर्यंत हॉल दणाणला. देशावर माझे प्रेम आहे, तिथेही ठीक. समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांपाशी आवाज खाली आला, आणि ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ येईपर्यंत ओठ हलत होते ते पुढच्या रांगेतल्या चारपाच आज्यांचे आणि माझे. माझेही नातवाबरोबर रोज अभ्यासाला बसतो म्हणून. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, हे मात्र त्यांनी सांगितलं. मला ठाऊक नव्हतं.

तिथून पुढचा तास वाया गेला. पडद्यावर चित्रं, हातात चोवीस पानी पुस्तिका. पुस्तिका मराठीत आहे, पण ती मराठीत बोलत नाही. ‘मी तुमच्या भावनांची दखल घेतो आणि माझ्या गरजा मांडतो.’ माझ्या शेजारी लालबागचे एक मसालेवाले बसले होते. ते म्हणाले, ‘हे मी बायकोला बोललो तर ती डॉक्टरकडे नेईल.’ मुंबईचा माणूस ‘जरा सरकता का?’ म्हणतो, त्यात दखल पण आली आणि गरज पण आली. खरं तर मराठीत आदराचं अर्धं काम ‘तू’ आणि ‘तुम्ही’ करतं. गेटवरचं भांडण ‘ए’पासून सुरू होतं आणि ‘अहो’ म्हटलं की निम्मं विझतं. चोवीस पानांत याबद्दल एक ओळ नाही. संस्थेने ही पुस्तिका कुणाकडून तरी परत लिहून घ्यावी. शाळेतल्या मराठीच्या बाईंकडून घेतली तरी चालेल, त्यांना दीडशे रुपयेही लागणार नाहीत.

आता ज्यासाठी तारे दिले तो भाग. ‘जागा बदला’ असा खेळ होता. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याचं नाव निघेल त्याचं काम पाच मिनिटं करायचं. मला वॉचमन आला. आणि पालक करायला ताईंनी चक्क वॉचमनकाकांनाच आत बोलावलं. बाकावर कार्डांचा गठ्ठा, मध्ये दोन खुर्च्या म्हणजे गेट. मी उभा राहिलो. काका दारातून आले ते आलेच. खांद्यावर नसलेली पर्स सावरली, एका हातात नसलेला फोन कानाला, दुसऱ्या हाताने माझ्या तोंडासमोर चुटकी. ‘ए, उघड. माझं मूल आत आहे, दिसत नाही का? कार्ड गाडीत राहिलंय. रोज बघतोस ना मला? ट्रस्टींना फोन लावू?’ आवाज बाईचा काढला नाही, बरं का. स्वतःच्याच आवाजात बोलले. कोकणी माणसाच्या अंगात दशावतार असतोच म्हणा, पण ही नक्कल नव्हती. रोज ऐकलेलं जसंच्या तसं परत आलं होतं.

हॉल आधी हसला. मग तिसऱ्या रांगेकडे दोनचार माना वळल्या आणि हसू थांबलं. त्या बाई तिथेच बसल्या होत्या. मान खाली नव्हती त्यांची, पण पुस्तिकेची पानं भराभर उलटत होत्या. मी म्हणालो, ‘ताई, कार्ड आणा, मी मुलाला इथे बाजूला उभं करतो, एकटा सोडत नाही.’ ३३ वर्षांची सवय आहे, आपोआप आलं तोंडात. त्यावर काका पालकाचं सोंग विसरून म्हणाले, ‘हां, असं बोलायला पण वेळ लागतो हो. मागं दोनशे माणूस असतं.’

दोन तासांत खरं वाक्य बोललं गेलं ते हे. आणि ताईंनी ते सोडून दिलं. ‘खूप छान, टाळ्या’ म्हणून पुढची चिठ्ठी काढली.

याच्याहून मोठी चूक पुढे झाली. प्रश्न लिहून टाकायला एक खोका ठेवला होता, नाव लिहायची गरज नाही. एक चिठ्ठी त्यांनी वाचायला घेतली, ‘माझ्या मुलीला वर्गात आरटीईवाली म्हणतात. बाई पण एकदा म्हणाल्या.’ दुसरं वाक्य वाचताना आवाज बारीक झाला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ताई म्हणाल्या, ‘हा संवेदनशील विषय आहे, आपण नंतर वेगळं बोलू.’ चिठ्ठी घडी करून पर्समध्ये. नंतर कोण कोणाशी वेगळं बोलणार? नाव नाही त्या चिठ्ठीवर.

अहो, हाच तर विषय होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजेच आरटीईने, खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. ती मुलं कुणाच्या मेहेरबानीने बसलेली नाहीत. त्याच कायद्यात, सतराव्या कलमात, मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही असं स्वच्छ लिहिलंय. मला हे पाठ आहे कारण माझ्या नातवाचा बाकावरचा जोडीदार तसाच आलेला आहे आणि ‘आजोबा, आरटीई म्हणजे शिवी असते का?’ हे मला घरी विचारून झालंय. पैसे घेऊन आदर शिकवायला येता, तर या चिठ्ठीला उत्तर तयार पाहिजे. लांबलचक नको. ‘शाळेत मुलाला त्याच्या नावाने हाक मारायची, प्रवेश कसा झाला याने नाही’ एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते बाईंच्या देखत बोललं जायला हवं होतं.

मग चहा. इथे बसण्याची व्यवस्था सांगतो. शिक्षक हातवाल्या खुर्च्यांवर, पालक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. वडापाव वाटणाऱ्या दोन मावशी शाळेत किती वर्षं आहेत कुणास ठाऊक, त्यांना कार्यशाळेत बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आत परस्पर आदर शिकत होतो आणि त्या बाहेर पायरीवर बसून कागदी कप मोजत होत्या. वडापाव मात्र गरम होता आणि चटणी सुकी, लसणाची. त्याला पैकीच्या पैकी.

चहाच्या वेळी मी ताईंना गाठलं. त्यांना म्हटलं, बसमध्ये भांडणं कशावरून व्हायची सांगू? आठ रुपयांचं तिकीट होतं तेव्हा प्रवासी दहाची नोट द्यायचा. दोन रुपये परत. सकाळच्या फेरीत माझ्या बॅगेत तेवढी नाणी यायची कुठून? रोज दहा-बारा जणांशी तोंड व्हायचं. मी उद्धट, प्रवासी उर्मट, दोघंही आपल्या घरी सज्जन. २०१९ च्या जुलैत तिकिटं ५, १०, १५, २० अशी झाली. त्या महिन्यापासून माझी सुट्यांची भांडणं जवळजवळ बंद. मी सुधारलो नव्हतो, प्रवासीही सुधारले नव्हते. दोन रुपये मधून गेले. पूर्वी सरकारी कचेऱ्यांत सौजन्य सप्ताह पाळायचे, आठव्या दिवशी सगळं होतं तसं, कारण खिडकी तेवढीच आणि रांग तेवढीच. आपल्या बस स्टॉपवर लोक शिस्तीत रांग लावायचे, त्यात मुंबईकरांचा स्वभाव किती आणि त्या लोखंडी कठड्याचा वाटा किती, हा विचार करा. जुन्या बसला मागच्या दाराने चढ, पुढच्या दाराने उतर. तुमच्या या शाळेला एकच दार आहे, त्यातूनच चढतात आणि त्यातूनच उतरतात.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, हे मान्य. मग म्हणाल्या, ‘काका, हा व्यवस्थापनाचा विषय झाला. आपला फोकस अॅटिट्यूडवर आहे.’

पण मुख्याध्यापिका बाई बाजूलाच बशीत चहा ओतत होत्या. त्यांनी विचारलं, ‘दुसरं दार म्हणजे मागचं?’ मागे पिंपळाकडे एक गेट आहे, पाण्याचा टँकर आला की उघडतात, एरवी कुलूप. म्हटलं, तेच. छोटे तिकडून आत घ्या, मोठे इकडून बाहेर सोडा, आणि कार्ड बघायला तिकडे एक शिपाई द्या. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या शनिवारचं फार सांगण्यासारखं नाही. मुलांना घेऊन आलो होतो. ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘माफ करा’ अशी तीन रंगांची कार्डं, कोण जास्त वेळा वापरतो त्याला चॉकलेट. माझ्या नातवाने चॉकलेटसाठी शेजारच्या मुलाचा पाय मुद्दाम तुडवला आणि माफी मागितली. दोनदा. यावरून खेळ कसा होता ते समजा. शेवटी पालकांकडून करारपत्रावर सह्या घेतल्या, त्यात रात्री नऊनंतर ग्रुपवर मेसेज टाकणार नाही असं कलम आहे. त्याच रात्री सव्वादहाला ‘करारपत्राचा फोटो कुणाकडे आहे का?’ असा मेसेज आला.

मागचं गेट मात्र त्याच्या पुढच्या बुधवारपासून उघडलं. नायलॉनची दोरी आणि दोन खांब आले. आता साडेबाराला गेटवर मी उभा असतो तेव्हा धक्काबुक्की निम्म्यावर आहे, आणि काका पालकांना ‘जरा बाजूने या’ म्हणतात, कारण तेवढं म्हणायला त्यांना फुरसत मिळते. याचं श्रेय संस्थेला किती द्यायचं यावर घरी वाद झाला. सून म्हणते, कार्यशाळा नसती तर बाईंसमोर तुम्ही चहा प्यायला कधी बसला असता? म्हणून तिसरा तारा.

बोलवणार असाल तर तीन अटी घाला : ‘जागा बदला’ला पाच मिनिटांऐवजी तासभर द्या, मावशी आणि व्हॅनचे ड्रायव्हर आत बसले पाहिजेत, आणि खोक्यातली प्रत्येक चिठ्ठी तिथल्या तिथे पूर्ण वाचली पाहिजे. पुस्तिका नको म्हणून सांगा, पन्नास रुपये कमी होतील कदाचित. ती आरटीईची चिठ्ठी ज्यांनी लिहिली त्या पालकांनी हे वाचलं, तर मी नातवाला सोडायला रोज साडेबाराला गेटवर असतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते, तिच्याकडे अर्ज द्यायचा झाला तर सोबत येईन.

चुटकीवाला प्रवेश एव्हाना घराघरांत पोचलाय. काल चौथीची पोरं काकांभोवती गोळा झाली होती, ‘काका, त्या दिवशीची ती बाई करून दाखवा ना!’ त्या बाई चार माणसं मागे, कार्ड हातात धरून उभ्या. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग पोरांकडे.

‘कोण बाई? कार्ड दाखवा आणि आत पळा.’