रणरणत्या उन्हात सायकलवर पाणी कशात न्यावं: पाठीवरच्या पिशवीत की बाटलीत?

पारा चाळिशीपार असताना चढावर तासाला पाऊण ते एक लिटर पाणी सहज लागतं, म्हणून आधी क्षमता बघा. नळीवाल्या पिशवीत 3 लिटर मावतं; सस्पेन्शनच्या (धक्के शोषणाऱ्या) सायकलच्या लहान फ्रेमवर बहुतेकदा 750 मिलीची एकच बाटली बसते. मात्र 3 लिटर म्हणजे 3 किलो, तेही पाठीवर, आणि खालचा घाम वाळत नाही.

गारवा पिशवीत जास्त टिकतो. रात्री एक तृतीयांश भरून आडवी गोठवा, सकाळी उरलेली जागा पाण्याने भरा. नळीतलं पाणी तापतंच. घोट घेतला की फुंकून ते परत आत ढकला. बाटलीवर ओला मोजा चढवला तर कोरड्या हवेत तीही बऱ्यापैकी गार राहते.

पिशवीचा खरा धोका वेगळाच: किती उरलंय ते दिसत नाही आणि नळी अचानक कोरडी पडते. साखर-मिठाचं पाणी तिच्यात अजिबात नको, नळीत बुरशी धरते. बाटली खडकाळ उतारावर निसटते, तोंडाला माती लागते.

मुक्कामाच्या तंबूपाशी परतून पाणी भरता येणार असेल तर बाटल्या पुरेत. दिवसभर पाणी मिळणार नसेल तर पिशवीच घ्या, आणि फ्रेमवर साखर-मिठाची एक बाटली.