‘जाण्यापूर्वी सगळे बंद करा’ असे सांगणाऱ्या सल्लागाराचा आमचा अनुभव

जून 2024 मध्ये मी आणि माझे पती नागपूर सोडून कॅनडात, व्हँकुव्हरजवळ राहणाऱ्या आमच्या मुलाकडे कायमचे राहायला आलो. मी तेव्हा 54 वर्षांची होते. हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये 2001 पासून नोकरी केली होती आणि निवृत्तीला चार वर्षे बाकी असताना राजीनामा दिला होता. पीएफ, पेन्शन, आयकर आणि मेडिक्लेम यांचे काय करायचे हे नीट कळत नव्हते, म्हणून पतीच्या मित्राच्या सांगण्यावरून आम्ही धरमपेठेतील एका ‘परदेश स्थलांतर सल्लागारा’कडे गेलो. पहिल्याच भेटीत त्याने सांगितले, “ताई, जाण्यापूर्वी इथले सगळे बंद करा, नाहीतर तिकडून काहीच हाती लागणार नाही.” पुढे आमचे जे नुकसान झाले ते सगळे या एका वाक्यातून झाले.

सुरुवात पीएफपासून झाली. कायमचे परदेशी जाणाऱ्याला पूर्ण पीएफ काढता येतो, हे त्याने खरे सांगितले, आणि त्यामुळेच त्याच्या पुढच्या बोलण्यावरही आमचा विश्वास बसला. त्याचे म्हणणे असे, की पीएफवर 10 टक्के कर 31 मार्चपूर्वी भरला नाही, तर 1 एप्रिलपासून मी अनिवासी ठरेन आणि मग 30 टक्के कापले जातील. हे दोन्ही आकडे त्याने मनाचे सांगितले नव्हते. पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेल्या माणसाने पीएफ काढला तर अशी कपात होते. माझी नोकरी मात्र सलग तेवीस वर्षांची होती आणि सलग पाच वर्षे पूर्ण झाली की पीएफच्या रकमेवर आयकर लागत नाही. ही एवढी एक ओळ त्याने गाळली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या 31 लाखांवरचे 3 लाख 10 हजार रुपये मी त्याच्या खात्यात आरटीजीएसने पाठवले आणि दोन दिवसांनी त्याने मला कराचे चलन आणून दिले.

ते चलन आजही माझ्याकडे आहे. वर बँकेचे नाव, खाली निळा शिक्का, माझा पॅन अचूक. जुलैमध्ये विवरणपत्र भरण्याची वेळ आली तेव्हा नागपुरातल्या माझ्या भावाने ते एका सनदी लेखापालांना दाखवले. त्यांनी शिक्क्याकडे पाहिलेसुद्धा नाही, थेट बीएसआर कोडवर, म्हणजे कर भरलेल्या बँक शाखेच्या क्रमांकावर, बोट ठेवले. हा कोड सात अंकी असतो, माझ्या चलनावर सहाच अंक होते. मग त्यांनी आयकराच्या संकेतस्थळावर माझे एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडले. आपल्या पॅनवर भरलेला प्रत्येक रुपया तिथे दिसतो. 3 लाख 10 हजारांची नोंद तिथे नव्हती. मला ते एप्रिलमध्येच घरबसल्या पाच मिनिटांत पाहता आले असते, आणि तेव्हा आम्ही नागपुरातच होतो.

पेन्शनच्या बाबतीत झालेले नुकसान रकमेने लहान आहे, पण ते भरून निघणारे नाही आणि मला त्याचेच दुःख जास्त आहे. ‘पेन्शनचा सगळा पैसा एकरकमी काढून देतो, कारण भारतातली पेन्शन चालू असली तर कॅनडाची मिळत नाही’, असे त्याने सांगितले आणि त्यासाठी वेगळे 45 हजार रुपये घेतले. त्याच्या टेबलावर संगणकाचा पडदा अर्धा त्याच्याकडे वळलेला होता आणि मी मोबाइलवर आलेला ओटीपी अंक-अंक करून मोठ्याने वाचत होते. पडद्यावर ‘10डी’ असे दिसले म्हणून मी विचारले, तर “हा त्याच अर्जाचा दुसरा भाग आहे, ताई” असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात 10डी हा मासिक पेन्शन सुरू करण्याचा अर्ज असतो. ईपीएस 1995 या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षे सेवा झालेल्याला एकरकमी पैसे मिळतच नाहीत. त्याला 58 व्या वर्षापासून पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर ती लवकर घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. मी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठीची सेवा नोंदवून ठेवणारे प्रमाणपत्र, घेऊन ठेवले असते, तर 58 व्या वर्षी कुठूनही अर्ज करून पूर्ण पेन्शन घेता आली असती, किंवा 60 पर्यंत थांबून थोडी वाढवूनही. आता माझ्या खात्यात दरमहा पावणेतीन हजारांच्या आसपास जमा होतात, चार वर्षांची कपात होऊन. भारत आणि कॅनडा यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार 1 ऑगस्ट 2015 पासून लागू आहे आणि इथल्या वृद्धापकाळ पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे मोजताना भारतातल्या योजनेतला काळ धरला जाऊ शकतो. म्हणजे त्याने आम्हाला नेमके उलटे सांगितले होते. पीएफचे अर्ज भविष्य निधी संघटनेच्या यूएएन संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतात आणि रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात जाऊन विचारायलाही पैसे पडत नाहीत. मी तिथे एकदाही गेले नाही.

आरोग्य विम्याची गोष्ट पतींच्या जिवावर बेतली असती. ब्रिटिश कोलंबियात नव्याने आलेल्याला सरकारी आरोग्य विमा लगेच मिळत नाही. आलेला महिना आणि त्यानंतरचे दोन महिने थांबावे लागते, म्हणजे आमचा विमा 1 सप्टेंबरपासून सुरू होणार होता. सल्लागाराने 1 लाख 10 हजार रुपये घेऊन ‘दोन वर्षे, जगभर’ असे छापलेल्या रंगीत मुखपृष्ठाची एक फाइल दिली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पतींच्या पायाची जखम चिघळली, मधुमेह असल्याने ताप चढला आणि रात्री इमर्जन्सीत न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी मुलाने फाइल उघडून चौथे पान वाचले. तो 30 दिवसांचा प्रवास विमा होता, त्याची मुदत संपलेली होती आणि आधीपासूनचे आजार त्यातून वगळलेले होते. मुखपृष्ठ सल्लागाराने स्वतः छापून वर लावले होते. पाच हजार डॉलरहून अधिकचे बिल मुलगा अजून हप्त्यांनी फेडतो आहे. शिवाय, ‘इथला मेडिक्लेम आता काय कामाचा’ असे त्याने म्हटल्यामुळे कंपनीच्या समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची संधी मी सोडली. त्या वेळी तसे केले असते तर आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळाचा जुना हिशेब सोबत आला असता. आता नागपूरला आल्यावर उपचार घ्यायचे म्हणून नवी पॉलिसी घेतली, तर मधुमेहासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते.

कराच्या निवासाबद्दलही त्याने चुकीचेच सांगितले. वर्षात 182 दिवस भारतात राहिले तरच माणूस करासाठी निवासी ठरतो, असे सगळे सांगतात, पण निघण्याच्या वर्षापुरती ती सवलत नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला असते. मुलाकडे राहायला जाणाऱ्याला 60 दिवसांचा नियम लागतो, मागच्या चार वर्षांत 365 दिवस भारतात काढलेले असले तर. आम्ही 6 जूनला निघालो, म्हणजे एप्रिलपासून साठाहून जास्त दिवस झाले होते आणि त्या वर्षी आम्ही भारताच्या हिशेबाने निवासीच ठरलो. दहा दिवस आधीचे तिकीट काढले असते तर हा गुंता झाला नसता. बँकेला काही कळवू नका, असेही तो म्हणाला होता. खरे तर खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे भारतातील खाते, करणे बंधनकारक आहे, आणि कॅनडाचे कर-निवास प्रमाणपत्र दिले तर त्यावरच्या व्याजाचा कर 30 ऐवजी 15 टक्क्यांवर येतो.

इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र साक्षांकित करून मी भावाला पाठवले आणि त्याने पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली. आरटीजीएसची नोंद, चलन, विम्याची फाइल आणि ओटीपीचे संदेश या सगळ्यांच्या प्रती त्याने जोडल्या. धरमपेठेतील त्या जागेवर आता शिकवणीचा फलक आहे. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटातून आणखी दोन चलने काढून माझ्या चलनाशेजारी ठेवली. नावे वेगळी, रकमा वेगळ्या, बीएसआर कोड तोच सहा अंकी. त्या दोघांपैकी एक बाई पुढच्या महिन्यात मुलीकडे निघणार आहेत. त्यांनी अजून 10डी भरलेला नाही, असे भावाने त्यांना फोन करून विचारून घेतले आहे.