दहा हजारांचा आकडा आणि शिवलेली पट्टी : पावसाळी जॅकेटच्या खरेदीतील फसवणूक

पावसाळी जॅकेट विकून फसवू पाहणाऱ्याला ऋतूचीच मदत मिळते. ट्रेकला जाणारी माणसे जॅकेट मे महिन्यात घेऊन ठेवतात, त्याची खरी कसोटी जूनच्या अखेरीस सह्याद्रीत लागते, आणि तोवर वस्तू परत करण्याची सात दिवसांची मुदत केव्हाच उलटलेली असते. माझी फसवणूक याच फटीतून झाली. ती सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की घरच्या घरी ज्या चाचण्यांवर आपण सगळे विसंबतो, त्या साऱ्यांत ते जॅकेट उत्तीर्ण झाले होते.

जाहिरात समाजमाध्यमावर वारंवार समोर येत होती. वजन २१० ग्रॅम, स्वतःच्याच खिशात घडी होऊन मुठीएवढे होणारे, तीन थरांच्या नायलॉन कापडाचे, जलरोधकता १०,००० मिलिमीटर, सर्व शिवणींना आतून टेप, असे तिच्यातील दावे होते. ८,९९९ रुपयांवर काट मारून २,४९९ रुपये लिहिलेले होते आणि माल हाती आल्यावर पैसे देण्याऐवजी ते यूपीआयने आगाऊ भरल्यास आणखी थोडी सूट होती. छायाचित्रे उत्तम होती. एकात जॅकेट उलटे करून आतल्या शिवणींवरची टेप अगदी जवळून दाखवली होती. या किमतीत असे जॅकेट मिळणेच अशक्य, असेही म्हणता येत नव्हते, कारण क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांत टेप मारलेली साधी पावसाळी जॅकेट दोन-तीन हजारांत खरोखरच मिळतात. लबाडाने किंमत विचारपूर्वक ठरवली होती, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

दहा हजारांच्या आकड्याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कापड किती पाणी अडवते, हे मोजण्यासाठी त्याच्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि पलीकडच्या बाजूने थेंब उमटू लागले, की त्या वेळचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. आयएसओ ८११ या प्रमाणित चाचणीत तिसऱ्या ठिकाणी थेंब दिसेल, तो दाब धरला जातो. म्हणजे १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा भार सोसणारे कापड. पावसाला टिकणारे म्हणण्यासाठी साधारण १,५०० मिलिमीटर हा किमान आकडा मानला जातो. आता कोणी म्हणेल, की आभाळातून पडणारा पाऊस एवढा दाब देत नाही, आणि ते खरेच आहे; पण पाठीवर भरलेली सॅक असेल तर तिचे पट्टे भिजलेले कापड खांद्यावर दाबून धरतात, ओल्या कातळावर टेकले की बूड आणि कोपर दाबले जातात, आणि पाणी नेमके तिथूनच आत येते. सॅक घेऊन चालणाऱ्यासाठी हा आकडा मिरवण्याचा नाही, गरजेचा आहे.

पार्सल आले तेव्हा मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले; वजन जाहिरातीपेक्षाही किंचित कमी भरले. घडी खरोखरच मुठीत मावली. कापड तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा पलीकडे गेली नाही. बाहीवर चमचाभर पाणी ओतले तर त्याचे मोत्यासारखे थेंब होऊन ते घरंगळून गेले. आतल्या बाजूला प्रत्येक शिवणीवर करड्या रंगाची पट्टी होती. नळाखाली बाही धरून पाहिली, तीही आतून कोरडी राहिली.

या चाचण्या का फसव्या ठरल्या, ते सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. थेंब घरंगळतात ते कापडाच्या बाहेरच्या धाग्यांवर केलेल्या पाणी झटकणाऱ्या प्रक्रियेमुळे. तिला ट्रेकर मंडळी डीडब्ल्यूआर म्हणतात. महागड्या जॅकेटवर ती असते आणि साध्या विंडचीटरवरही असू शकते. आत पाणी अडवणारे मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, आहे की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नाही. घासल्याने, मळल्याने आणि धुतल्याने ती झिजते, मग बाहेरचे कापड पाणी पिऊ लागते आणि खरा भार आतल्या थरावर येतो. फुंकर अडवायला कापडावर पॉलियुरेथेनचा अगदी पातळ लेपही पुरतो. आणि नळाखाली दोन मिनिटे धरलेल्या बाहीवर ना सॅकचा पट्टा असतो, ना वारा. वजन आणि घडी यांबद्दल जाहिरात खरे बोलत होती, कारण ज्या जॅकेटमध्ये मेम्ब्रेन नाही आणि टेप नाही, ते हलके आणि मुठीत मावणारे असणारच.

पहिला खरा पाऊस त्याला कळसूबाईवर मिळाला. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंचीचे आहे आणि बारी गावातून चढताना वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या लागतात. तिथे जून-जुलैत वारा असा असतो, की पाऊस वरून न पडता आडवा येतो. पहिल्या शिडीच्या आधीच दोन्ही खांदे सॅकच्या पट्ट्यांखाली ओले झाले, मग झिपच्या रेषेवरून पोटाशी गार पाणी उतरले, आणि माथ्यावरच्या देवीच्या मंदिरापाशी पोहोचेपर्यंत आतला टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. हे केवळ गैरसोयीचे नसते. भिजलेले कपडे आणि जोराचा वारा एकत्र आले, की पारा पंधरा-वीस अंशांवर असतानाही शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते, हात बधिर होतात, आणि शिडीचा गज धरणारे हात बधिर होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा स्वेटर होता आणि सोबतच्या एका काकांनी आपला जादा पोंचो दिला, म्हणून परतीचा उतार निभावला.

विक्रेत्याला छायाचित्रांसह लिहिले, तेव्हा उत्तर लगेच आले : “मॅडम, हा पावसाचा ओलावा नाही, घाम आहे. सगळ्या वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये असे होते.” हे उत्तर इतके पाठ केलेले होते, की माझ्याआधी ते अनेकांना गेले असणार. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते धोकादायक आहे. कापडाची घामाची वाफ बाहेर सोडण्याची क्षमता चोवीस तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम, अशी मोजतात. पण वाफ बाहेर पडण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. त्यामुळे सह्याद्रीत वीस हजार रुपयांचे जॅकेटही चढाला आतून दमट होते. माझे मत असे, की आपल्याकडच्या पावसासाठी त्या ग्रॅमच्या आकड्यावर जादा पैसे घालवण्यापेक्षा काखेखाली उघडणारी झिप असलेले जॅकेट घ्यावे. परंतु घाम आणि गळती यांत फरक करता येतो. घामाचा ओलावा कोमट असतो आणि चढाच्या वेळी पाठीवर, दंडांवर सर्वत्र सारखा पसरतो. गळतीचे पाणी गार असते आणि शिवणीच्या, झिपच्या किंवा पट्ट्याच्या रेषेवरूनच सुरू होते. हा फरक मी कळवल्यावर दुसरे उत्तर आले, की परत करण्याची मुदत संपली आहे आणि वापरलेला माल घेतला जात नाही. त्यांच्या पानाच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘वॉटर रेझिस्टंट’, म्हणजे पाणी काही प्रमाणातच अडवणारे, असे लिहिले असल्याचेही त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. शीर्षकात मात्र ठळक अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’च होते.

त्यानंतर मी शिवणी उसवून पाहिल्या. आतली करडी पट्टी म्हणजे टेप नव्हतीच. खरी टेप उष्णतेने शिवणीवर चिकटवलेली असते, तिच्यावर टाका नसतो आणि नखाने कड उचलू गेल्यास ती सहज सुटत नाही. ही पट्टी दोन्ही कडांनी मशीनवर शिवलेली होती. म्हणजे सुईची भोके बुजवण्याऐवजी प्रत्येक शिवणीवर भोकांच्या आणखी दोन रांगा वाढल्या होत्या. छायाचित्रातले जॅकेट आणि हातातले जॅकेट वेगळे आहेत, याचा हा निर्विवाद पुरावा होता. वॉटरप्रूफ म्हटलेली झिप साधीच होती, फक्त वरून चकचकीत लेप दिलेली. तिच्यामागे पाणी अडवणारी कापडी पट्टीही नव्हती. गळ्याशी शिवलेल्या लेबलवर शंभर टक्के पॉलिएस्टर लिहिले होते, जाहिरातीतल्या नायलॉनचा तिथे पत्ता नव्हता.

आकड्याची शहानिशा करण्याचाही एक घरगुती मार्ग आहे, आणि तो शालेय विज्ञानापलीकडचा नाही. एक मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप घेऊन त्याच्या खालच्या तोंडावर पाठीच्या भागातले कापड ताणून प्लंबरकडे मिळणाऱ्या क्लॅम्पने घट्ट आवळले, पाइप उभा धरला आणि वरून पाणी ओतत गेले. पाइप काठोकाठ भरला तर कापडावर १,००० मिलिमीटरचा दाब येतो, म्हणजे केलेल्या दाव्याच्या फक्त दहावा भाग. पाइप जेमतेम निम्मा भरला असताना कापडाच्या मधोमध थेंब उमटले आणि पाहता पाहता त्यांची धार झाली. घरातल्या जुन्या, फाटक्या प्लॅस्टिक रेनकोटचा तुकडा त्याच पाइपला बांधल्यावर पाइप पूर्ण भरूनही खाली कोरडे राहिले. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे आणि तिच्यासाठी जॅकेट कापावे लागते, त्यामुळे परताव्याची आशा असेपर्यंत ती करू नये. विक्रेत्याने हात वर केल्यानंतर मात्र तिचे चित्रीकरण तक्रारीला जोडण्यास उपयोगी पडते.

तक्रारीची वाट काढताना कागदपत्रे पुन्हा पाहिली. बिलावरचे नाव आणि जाहिरातीतले नाव वेगळे होते, पत्त्यात इमारतीचा क्रमांक नव्हता, आणि पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष यांपैकी काहीच छापलेले नव्हते. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार ही माहिती पाकिटावर असावीच लागते. ८,९९९ हा आकडा त्यामुळे निव्वळ काट मारण्यासाठीच जन्माला आला होता, असे म्हणता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये त्यात नसतील, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. सात दिवसांची अट मन बदललेल्या ग्राहकासाठी ठीक आहे. खोट्या वर्णनाला तिची ढाल करता येत नाही. याच नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचे असते. या विक्रेत्याच्या पानावर असा अधिकारीच नव्हता, आणि खरेदीआधी पाहण्याजोगी याहून सोपी खूण दुसरी नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद झाली, पण तिथून विक्रेत्याला पाठवलेल्या पत्रव्यवहाराला उत्तर आले नाही. ही हेल्पलाइन तडजोड घडवून आणू शकते, आदेश देऊ शकत नाही. बँकेने सांगितले, की यूपीआयचा पिन मी स्वतः टाकला असल्याने हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही. कार्डाने पैसे भरले असते, तर माल वर्णनाप्रमाणे नाही या कारणावरून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागण्याची सोय होती; आगाऊ यूपीआयवर सूट देण्यामागचे इंगित तेव्हा उलगडले. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० वरही तक्रार नोंदवली. अशी तक्रार पैसे गेल्यानंतर जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते, आणि मे महिन्यात भरलेल्या पैशांसाठी जुलैत फोन करणाऱ्याला तिचा फारसा लाभ नसतो. राहिला जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ती ऑनलाइन दाखल होते. एवढ्या रकमेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे घरच्यांनी विचारले. विक्रेताही नेमका याच हिशेबावर चालतो, म्हणून मी तक्रार दाखल केली.

नवे जॅकेट मी दुकानात जाऊन, उलटे करून घेतले. खांदा, काख आणि टोपी जिथे जोडली जाते ती शिवण, या तीन ठिकाणी चिकटवलेली टेप बोटाने चाचपली. काही जॅकेटमध्ये फक्त खांदा आणि टोपीलाच टेप असते, हे त्या दुकानदाराने विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितले. आतून थोडे खडबडीत छपाई केलेले, ट्रेकर ज्याला अडीच थरांचे म्हणतात, तसे कापड मी निवडले, कारण हलकेपणा आणि किंमत यांचा मेळ त्यात बरा बसतो. त्याचे वजन त्या फसव्या जॅकेटपेक्षा शंभरेक ग्रॅम जास्त आहे आणि घडी मुठीत मावत नाही. ज्यांना घरबसल्याच मागवायचे आहे, त्यांनी पार्सल उघडतानाच चित्रीकरण करावे, त्याच दिवशी भरलेली सॅक जॅकेटवरून पाठीला लावून शॉवरखाली किमान पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे, आतून सुती कपडे घालावेत म्हणजे ओल कुठून येते ते डागावरून लगेच कळते, आणि हे सारे परताव्याच्या मुदतीत, लेबल न कापता करावे.

तीच छायाचित्रे सध्या दुसऱ्याच नावाच्या पानावर, १,९९९ रुपयांना झळकत आहेत. उलटे केलेले, करड्या टेपचे जॅकेट तिसऱ्या छायाचित्रात आहे आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला सूट तशीच आहे.