दिवाडीची पाणचक्की

आईवडिलांच्या लग्नाला मे महिन्यात पन्नास वर्षे पूर्ण होणार होती आणि सांगलीहून येणाऱ्या मामा-मावशींसह सर्वांना दोन रात्री गोव्यात नदीकाठी एकत्र राहता यावे, म्हणून मी मोबाइलवर दिसलेल्या एका जाहिरातीवर विश्वास ठेवला. ‘पोर्तुगीज काळातील पाणचक्कीचा बंगला, दिवाडी बेट’ असे तिचे वर्णन होते. छायाचित्रात दगडी भिंतीलगत मोठे लाकडी चाक होते आणि वरच्या पन्हळीतून त्यावर पाणी पडत होते.

त्या छायाचित्रानेच मला सावध करायला हवे होते. चाकावर वरून पाणी सोडायचे तर वाहता झरा आणि पुरेसा उतार लागतो. दिवाडीच्या सखल काठाला तो कुठून येणार? तिथे मांडवी नदीला भरती-ओहोटी आहे, पाणी मचूळ आहे, खाजन म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतांभोवती बांध आहेत आणि त्या बांधांतल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या वाटेची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. मानशीवर मासे धरायला मी लहानपणी आजोबांबरोबर जात असे. एवढे माहीत असूनही मला शंका आली नाही, याचे अजून वाईट वाटते.

फोनवरचा माणूस शुद्ध मराठीत, अतिशय अदबीने बोलत असे. आगाऊ 18,000 रुपये आणि अनामत म्हणून 10,000 रुपये मी यूपीआयने पाठवले. आदल्या दिवशी, अनामत चुकून दोनदा जमा झाली असून एक रक्कम परत करतो, असे सांगून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि मी पिन टाकताच आणखी 10,000 रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. गेलेले पैसे दोन दिवसांत परत येतील, हे त्याचे म्हणणेही मी खरे मानले.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने उतरल्यावर नकाशातील खूण एका बांधावर संपली. तिथे काम करणाऱ्या बाईंनी सांगितले, “असलें घर हांगा ना.” मामी सामानाच्या पिशव्या धरून उन्हात उभ्या होत्या. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

त्याच दुपारी सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, परंतु पैसे खात्यातून पुढे गेले होते. पर्यटकांना राहण्याची जागा देणाऱ्यांना गोव्यात 1982 च्या कायद्यान्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मी एकदाही विचारला नव्हता. गेल्या आठवड्यात तेच चाक, तीच पन्हळ दुसऱ्या जाहिरातीत दिसली. गावाचे नाव मात्र आता चोडण आहे.