क्वांटम स्विच: दोन निकामी चॅनेलमधून संदेश नेणाऱ्या मांडणीचे परीक्षण

ज्या चॅनेलमध्ये, म्हणजे संदेश नेणाऱ्या मार्गात, कोणताही क्यूबिट (क्वांटम माहितीचे मूलभूत एकक) टाकला तरी पलीकडे निव्वळ यादृच्छिक अवस्थाच बाहेर पडते, तो संदेशवहनाच्या दृष्टीने निकामी असतो, आणि असे दोन चॅनेल एकापुढे एक जोडूनही काही हाती लागत नाही. क्वांटम स्विच मात्र चॅनेलांचा क्रम ठरवणारा नियंत्रक क्यूबिट सुपरपोझिशनमध्ये (दोन्ही पर्याय एकत्र धरणाऱ्या अवस्थेत) ठेवून संदेश दोन्ही क्रमांनी एकाच वेळी नेतो, त्यामुळे कोणता चॅनेल आधी लागला हे निश्चित राहतच नाही. एब्लर, सालेक आणि किरिबेल्ला यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, अशा मांडणीत त्याच निकामी चॅनेलमधून क्यूबिटमागे सुमारे ०.०४९ बिट माहिती जाऊ शकते. आकडा लहान आहे, पण जिथे शून्याचीच अपेक्षा होती तिथे तो मला फार मोलाचा वाटतो.

या मांडणीचे खरे सौंदर्य दुसऱ्या एका उदाहरणात दिसते, आणि ते कागदावर स्वतः सोडवून पाहावे असा माझा आग्रह आहे. समजा, प्रत्येक चॅनेल निम्म्या वेळा पाउली एक्स आणि निम्म्या वेळा पाउली वाय ही क्रिया करतो (पाउली एक्स, वाय आणि झेड या क्यूबिटची अवस्था बदलणाऱ्या तीन मूलभूत क्रिया आहेत). अशा चॅनेलची क्वांटम क्षमता, म्हणजे क्वांटम अवस्था अबाधित नेण्याची ताकद, शून्य असते. दोन्हींकडून एकच क्रिया झाली, तर ती स्वतःलाच रद्द करते आणि नियंत्रक 'अधिक' अवस्थेत, म्हणजे सुरुवातीच्याच सुपरपोझिशनमध्ये, जसाच्या तसा राहतो. क्रिया वेगवेगळ्या झाल्या, तर एक्स-वाय आणि वाय-एक्स या गुणाकारांत केवळ चिन्हाचा फरक पडतो, आणि हे उणे चिन्ह नियंत्रकाला 'वजा' अवस्थेत, म्हणजे दोन पर्यायांमध्ये उणे चिन्ह असलेल्या सुपरपोझिशनमध्ये, नेते. तेव्हा नियंत्रक मोजून 'वजा' आढळल्यास संदेशावर पाउली झेड लावायचे, इतकेच काम उरते आणि मूळ अवस्था तंतोतंत परत मिळते.

श्रेय देताना मात्र सावध राहायला हवे. गेरां, रुबिनो आणि ब्रुकनर यांनी २०१९ मध्ये निदर्शनास आणले की, क्रम निश्चित ठेवून नॉईजवरच (संदेश बिघडवणाऱ्या व्यत्ययावरच) क्वांटम नियंत्रण आणले तरी असा लाभ मिळतो. म्हणून सारे यश अनिश्चित कार्यकारणक्रमाच्या, म्हणजे कोणता चॅनेल आधी हे ठरलेले नसण्याच्या, नावावर जमा करणे मला पटत नाही. फोटॉनांवरील प्रयोग झाले आहेत, परंतु प्रत्यक्ष वापराच्या दृष्टीने माझा मुख्य आक्षेप नियंत्रकाविषयीच आहे: तो नॉईजपासून सुरक्षित राहून ग्राहकापर्यंत, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्यापर्यंत, पोहोचतो असे गणितात गृहीत धरलेले असते, आणि वाटेत त्याचीच सुसंगती (सुपरपोझिशन टिकवून ठेवणारा गुण) नष्ट झाली, तर वरच्या उदाहरणात झेड लावायचे की नाही हे ग्राहकाला कळायला मार्ग राहत नाही.