जर्सी-पदकांची बॉक्स फ्रेम: घेताना मागची बाजू बघा

कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल आणि गल्लोगल्ली तालीम, त्यामुळे जर्सी, पदकं, फेटा एकत्र बसवलेली बॉक्स फ्रेम इथले फ्रेमवाले सर्रास बनवून देतात. पुढून ती देखणीच दिसते. नातवंडांच्या हाती ती जर्सी धड जाणार की नाही, हे मात्र मागच्या बाजूवर ठरतं.

आधी फ्रेमची खोली, म्हणजे काच आणि मागचा बोर्ड यांतलं अंतर ठरवा. नुसत्या जर्सीला दीड इंच पुरते, पदकंही असतील तर दोन इंच हवी. काच कापडाला टेकलेली असली की पावसाळ्यात तिथेच ओल धरते. मग बुरशीचे ठिपके पडतात आणि रबरी छपाईचा नंबर काचेला चिकटतो.

सगळ्यात जास्त नुकसान ग्लू गन आणि डबल टेपमुळे होतं. काही वर्षांनी गोंद पिवळा पडून कापडातून पुढे उमटतो आणि मग तो निघत नाही. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: जर्सीच्या आत तिच्याच मापाचा ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) बोर्ड घालायचा आणि सुती दोऱ्याने खांदा, बगल, खालची पट्टी इथल्या शिवणीतच टाके घालायचे. कापडाच्या मध्यात सुई नको. उद्या टाके उसवले की जर्सी जशीच्या तशी बाहेर आली पाहिजे. बसवण्याआधी ती सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कारण राहिलेल्या घामाने कापड पिवळं पडतं. खळ नको, नंबरावर इस्त्री तर मुळीच नको.

लंगोटाचं काम अवघड. आखाड्याच्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. ती माती हीच खरी आठवण, पण कीड आणि बुरशी तिच्यावरच येते. लंगोट पूर्ण सुकवून मऊ ब्रशने माती झटकावी आणि चिमूटभर छोट्या काचेच्या बाटलीत भरून शेजारी ठेवावी.

चांदीच्या पदकामागे लोकरी फेल्ट किंवा रबर नको; त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. चांदीच्या गदेवर पत्रा पातळ असतो, दरवर्षी पॉलिश घासलं की नक्षी झिजते. मऊ सुती कापडाने पुसणं पुरे.

प्रमाणपत्रं आणि जुने फोटो या फ्रेममध्ये अजिबात घालू नयेत. ६०० डीपीआयवर स्कॅन करून प्रत लावा, मूळ कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. लॅमिनेशन तर नकोच, गरम चिकटवलेलं प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्या, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. उन्हाची भिंत टाळा. साध्या काचेऐवजी यूव्ही ॲक्रिलिक (उन्हातले अतिनील किरण अडवणारं पारदर्शक प्लास्टिक) महाग पडतं, पण फेट्याचा रंग टिकवायचा असेल तर तो खर्च करावाच. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी ज्या भागांत शिरलं, तिथे फ्रेम वरच्या मजल्यावरच टांगा.

शेवटचं काम फ्रेमवाला करणार नाही, घरच्यांनीच करायचं. मागच्या बोर्डावर पेन्सिलीने खेळाडूचं नाव, संघ किंवा तालीम, स्पर्धा, मैदान आणि तारीख लिहा. ‘खासबाग’ एवढं कुस्तीच्या मैदानाचं नावच लिहिलेलं असेल, तर कुठली कुस्ती हे पन्नास वर्षांनी कुणालाच कळणार नाही.