इनॅमल दिलेलं बिडाचं भांडं: पालेभाजीसाठी घ्यावं का?

जाड देठाची, जून पानांची भाजी मंद आचेवर तिच्याच रसात शिजवायची असेल, तर इनॅमल (काचेसारखा कडक थर) दिलेल्या बिडाच्या भांड्याला तोड नाही. फक्त कोवळा पालकच करत असाल, तर घेऊ नका. पालक दोन-तीन मिनिटांत मऊ होऊन खाली बसतो. हे भांडं तापायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

२६ सेंटिमीटर व्यासाचं घ्या. चिरलेली अर्धा किलो केल (कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी) शिजून बरीच कमी होते, पण सुरुवातीला जागा लागतेच.

मंद आचेवर दोन मोठे चमचे तेल तापवून लसूण टाका. बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे लसूण तांबूस झाल्यावर गॅस बारीक केला तर उशीर झालेला असतो. तो करपून कडू होतो. आच आधीपासूनच कमी हवी. मग चिरलेले देठ पाच मिनिटं परता, पानं दोन-तीन वेळा करून घाला आणि आधीची बसली की पुढची. अर्धा कप गरम पाणी घालून झाकण लावा. केलला २० ते २५ मिनिटं लागतात, कोबीला थोडी कमी.

भांड्याचं खरं काम इथे दिसतं. झाकण जड असल्याने वाफ फारशी निसटत नाही. ती आतून थेंब होऊन पुन्हा भाजीवर पडते. म्हणून पाणी अर्ध्या कपाच्या वर नको. पातळ पातेल्याच्या सवयीने जास्त घातलं, तर भाजी उकडल्यासारखी बेचव लागते. तसं झालंच, तर शेवटची चार मिनिटं झाकण काढून रस आटवा. मीठही शेवटीच घाला, पानांचा ढीग बघून आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

झाकून शिजवल्याने पानांतली आम्लं आतच राहतात आणि हिरवा रंग काळपट होतो. यात भांड्याचा दोष नाही. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र गॅस बंद केल्यावरच पिळा-घाला. साध्या लोखंडी कढईत आंबट घातलं की भाजीला धातूची चव येते; इनॅमलमध्ये ती भीती नाही, तयार भाजी त्यातच ठेवली तरी चालते.

तक्रारी दोन. झाकणासकट वजन पाच किलोच्या आसपास, त्यात कानही सणसणीत तापतात; जाड फडकी दोन्ही हातांत हवीतच. दुसरं, इनॅमल नाजूक असतं. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं तर थराला तडा जाऊ शकतो, आपटलं तर टवका उडतो. आतून टवका उडालेलं भांडं स्वयंपाकातून बाद करा. ढवळायला लाकडी उलथनं, घासायला मऊ स्पंज. तळाशी चिकटलं असेल, तर भांडं कोमट झाल्यावर गरम पाण्यात भिजवा.